पंडिता रमाबाई : स्वतः शोधून घेतलेली श्रद्धा



आपल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांना कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो : तुमचे पूर्वज ख्रिस्ती कसे झाले, कोणी केले? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. कोणीतरी आमिष दाखवले, कोणीतरी भुलवले, नाहीतर गोऱ्या साहेबाच्या दबावाखाली झाले. अशा वेळी मुलांना महाराष्ट्रातील एका बाईचे चरित्र ठाऊक असावे असे वाटते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. त्यामुळे आपल्या घरांमध्ये त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. पाठ्यपुस्तकात समाजसुधारक म्हणून एखादा परिच्छेद येतो, तेवढेच. पण ख्रिस्ताला स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन गाठणारी आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचा राग सोसणारी अशी व्यक्ती मराठी मुलखात दुसरी शोधावी लागेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या रानात. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. त्यांचा 'गुन्हा' एकच, त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी बाईला देवभाषा शिकवणे हे पाप मानत. लोकांच्या विरोधाला कंटाळून शास्त्रीबुवा रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी धाकट्या लेकीला संस्कृत शिकवले. घरकामाची गर्दी सुरू होण्याआधी, पहाटे लेकीला उठवून तिच्याकडून श्लोक पाठ करून घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. वडिलांच्या पदरचे पैसे संपल्यावर सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर जगायचे.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानधर्मात आणि अन्नात संपले. हे लोक पुराणिक, मजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. काही दिवस तर रानातील पाने खाऊन काढले. आधी वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या मृत्यूच्या वेळी खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या, तिरडी खांद्यावर पेलेना, तेव्हा त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि तशाच कोसभर चालल्या. वय जेमतेम सोळा.

पुढची काही वर्षे हे भाऊ-बहीण पायी हिंदुस्थानभर फिरले. काश्मीरच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डा करून त्यात झोपत. व्रते, उपवास, तीर्थस्नाने सगळी चालू होती. पण देवधर्माच्या नावाने जे दिसत होते त्यावरचा विश्वास हळूहळू उडत चालला होता. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. वीस वर्षांची एक मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, शास्त्रार्थ करते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. जे शिकल्याबद्दल आईला रानात जावे लागले, त्याच विद्येसाठी लेकीचा भर सभेत सत्कार झाला.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तो कायस्थ, म्हणजे सनातन्यांच्या लेखी शूद्र. ब्राह्मण मुलीने असे लग्न करणे म्हणजे स्वतःच्या हाताने जातीबाहेर पडणे. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार थाटला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत रमाबाईंना बंगाली भाषेतील संत लूकचे शुभवर्तमान सापडले. त्यांनी ते वाचले, एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून काही भाग समजूनही घेतला. नवऱ्याला ते आवडले नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, पदरात दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्याला आल्या. तिथे न्यायमूर्ती रानडे आणि सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर असावेत अशी मागणी केली. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्च बराचसा त्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांना कोणी उचलून नेले नव्हते. पुण्यात ओळख झालेल्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या वाँटेज येथील मठात त्यांची राहण्याची सोय होती आणि त्याच्या मोबदल्यात त्या मठातील धर्मभगिनींना मराठी शिकवणार होत्या. धर्म बदलण्याचा विचार जाताना नव्हता.

तिथे काय घडले? लंडनच्या फुलहॅम भागात या धर्मभगिनी एक घर चालवत. ज्या स्त्रियांना समाजाने 'पतित' ठरवून टाकून दिले होते त्यांना तिथे जवळ घेतले जाई, त्यांची शुश्रूषा होई. हे रमाबाईंनी पाहिले. असे काम आपल्या देशात कोणी करताना त्यांनी पाहिले नव्हते. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना संत योहानच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपण ही गोष्ट उपवासकाळात मिस्सामध्ये इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा धक्का आपल्याला बसत नाही. रमाबाईंना बसला. परजातीची, चारचौघांत नाव ठेवलेली बाई, आणि प्रभू येशू तिच्याशी धर्माची सर्वांत खोल गोष्ट बोलतो! बाईला वेदमंत्र ऐकण्याचाही अधिकार नाही असे ऐकत वाढलेल्या रमाबाईंनी ते किती वेगळ्या कानांनी ऐकले असेल याची कल्पना करावी. शिवाय नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, या ख्रिस्ती झालेल्या मराठी पंडिताच्या लेखनाने त्यांच्या बुद्धीच्या शंका बऱ्याच फेडल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा स्नानसंस्कार झाला.

त्याच्या थोडेच आधी एक भयंकर घटना घडली होती. रमाबाईंबरोबर पुण्याहून आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने वाँटेजमध्ये आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती केले जाईल या भीतीने तिच्या मनाचा तोल गेला होता असे सांगतात. श्रद्धा लादली जाण्याची नुसती भीतीही माणसाचे काय करू शकते हे रमाबाईंनी इतक्या जवळून पाहिले. पुढील आयुष्यात त्या कोणाच्याही धार्मिक दडपणाला इतक्या तिखटपणे विरोध का करत, त्याचे एक कारण इथे असावे असे मला वाटते.

महाराष्ट्रात बातमी पोहोचली आणि वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. काल जिला सरस्वती म्हटले तिला आज घरभेदी ठरवले. तिच्या बाजूने जाहीरपणे उभे राहणाऱ्या थोड्यांमध्ये महात्मा जोतीराव फुले होते. १८८५ साली काढलेल्या 'सत्सार' मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली. सत्यशोधक विचारांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या कोल्हापुरात ही गोष्ट विशेष सांगायला हवी.

पण गंमत अशी की, इकडे हिंदू नाराज तर तिकडे ख्रिस्ती वडीलधारी मंडळीही खूश नव्हती. रमाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला होता, पण इंग्रजी रीतभात नाही. त्या शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थही खात नसत, आणि हा जातीचा अहंकार आहे असे म्हणणाऱ्यांना ठाम उत्तर देत. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी केला. आपल्या ख्रिस्तसभेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, मिस्सा मराठीत आली. रमाबाईंनी तो प्रश्न त्याच्या ऐंशी वर्षे आधी विचारला होता! चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवल्यास हिंदुस्थानात तिची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. हिंदुस्थानात भर सभांतून पंडितांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईला हे सांगायचे! त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवपणाविषयी त्यांच्या मनात शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा या सगळ्यावर लांबलचक पत्रव्यवहार झाला. पत्रांत माया आहे, आणि चांगलीच खडाजंगीही आहे. मी माणसांच्या एका सत्तेतून सुटून दुसऱ्या सत्तेखाली जायला आलेले नाही, असा त्यांच्या सगळ्या उत्तरांचा सूर.

कॅथलिक या नात्याने आपल्याला त्यांची प्रत्येक शंका पटणार नाही, आणि श्रद्धेच्या बाबतीत ख्रिस्तसभेचे मार्गदर्शन आपण मानतो. परंतु विश्वासाची कृती ही स्वभावतःच मुक्त असते, कोणावरही ती लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्ट शब्दांत मांडले आहे. रमाबाई त्याच मुद्द्यावर भांडत होत्या.

कानांना कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होणे जमले नाही. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते त्यांच्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. मुक्काम मात्र दोन वर्षांहून अधिक लांबला. तिथे १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यातून आणि व्याख्यानांतून बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. हीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, आनंदीबाई कर्वे.

१८९० मध्ये सदन पुण्यास हलले. इथे कोणाचे धर्मांतर करायचे नाही, प्रत्येकीने आपापला आचार पाळायचा, असा नियम होता. मुलींच्या सोवळ्याओवळ्याप्रमाणे स्वयंपाकाची वेगळी सोय असे. रमाबाई स्वतः मात्र रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने टीकेचा भडिमार केला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता. रमाबाईंनी लावले नाही. मी कोणाला बोलावणार नाही, पण येणारीला हाकलणारही नाही, ही त्यांची भूमिका होती. ती शहाणपणाची होती का यावर मतभेद होऊ शकतात. विश्वास टाकून मुली पाठवणाऱ्या पालकांची बाजूही अगदीच खोटी नव्हती.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ही बातमी वाचून रमाबाईंना स्वतःचे सोळावे वर्ष आठवले नसते तरच नवल. त्या तडक निघाल्या. सरकारी मदत केंद्रांमध्ये मुली आणि तरुण विधवा भुकेल्या तर होत्याच, पण अन्नाच्या बदल्यात त्यांची अब्रू मागणारेही तिथे टपलेले होते. रमाबाईंनी तीनशेच्या आसपास मुलींना आणि स्त्रियांना बरोबर आणले. पुण्यात त्याच वेळी प्लेग आला आणि इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती. तिथेच झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. हेच 'मुक्ती'. प्लेगच्या छावण्यांत आणि इस्पितळात स्त्रियांची जी परवड होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. ख्रिस्ती म्हणून इंग्रज सरकारची त्यांनी भीड ठेवली नाही.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावी जवळपास दोन हजार जणी झाल्या. त्यात विधवा होत्या, अनाथ होत्या, आंधळ्या होत्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन ही वेगळी शाखा निघाली, फुलहॅमच्या घराची आठवण ठेवून. मुलींना लिहिणे-वाचणे तर शिकवलेच, पण शेती, गोठा, विणकाम, शिवण, छापखाना हेही शिकवले. अमेरिकेहून शिकून आलेल्या मनोरमेने आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली. इथे आता जातीची वेगळी चूल नव्हती.

मुक्तीमध्ये ख्रिस्ताची शिकवण उघडपणे दिली जाई आणि शेकडो मुलींचा बाप्तिस्मा झाला. इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. स्वतःच्या श्रद्धेत कोणाची ढवळाढवळ न चालवून घेणाऱ्या रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या, जगात दुसरे कोणी नसलेल्या बारा वर्षांच्या मुलीला नाही म्हणण्याची मोकळीक कितपत असेल? टीकाकार हे विचारतात, आणि आपणही, ज्यांच्या संस्था अनाथाश्रम आणि वसतिगृहे चालवतात, हा प्रश्न बाजूला सारू नये. एवढे खरे, की त्या मुलींना घ्यायला दुसरे कोणीही पुढे आले नव्हते.

बाहेरच्या जगात विचार हळूहळू पालटत होता. १९१७ मध्ये आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचे संरक्षण दिले. १९१९ मध्ये इंग्रज सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. तोवर त्यांची तब्येत खालावली होती, ऐकू तर जवळजवळ येतच नव्हते.

त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. मराठी बायबलची भाषा त्यांना खटकत असे. ती पंडिती होती, आणि तिच्यातील कित्येक संस्कृत शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले होते. केडगावच्या शेतात राबणाऱ्या बाईला ते वाचून समजणार नाही. मग रमाबाई म्हातारपणाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांवरून त्यांनी एकटीने सगळ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. पुराणिकाच्या मुलीला संस्कृतप्रचुर मराठी सहज आली असती, कठीण होते ते सोपे लिहिणे. कामाला जवळपास दीड दशक लागले. छपाई बाहेर दिली नाही. मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून आलेल्या मुली खिळे जुळवीत, मुद्रिते काढीत, पाने शिवीत.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची होती. आईनंतर सगळे काम तीच सांभाळणार असे सर्वांनी धरले होते. रमाबाईंनी काम थांबवले नाही. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, बुधवार ५ एप्रिल १९२२ रोजी, झोपेत त्यांचे देहावसान झाले. उपवासकाळ होता, पास्काच्या सणाला अकरा दिवस उरले होते.

१९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी त्याच केडगाव स्टेशनावरून जाते.

रमाबाईंचे संपूर्ण मराठी बायबल त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, मुक्तीच्या मुलींनी छापून पुरे केले.